एक दिवस आधी

“वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!” स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

वाढदिवसाला अजून दोन आठवडे होते. नदीपलीकडे, आमच्या चेक गावात, आधी शुभेच्छा दिल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. या जर्मन बाजूला मात्र तो थेट अपशकुन. इतकी वर्षं रोज पूल ओलांडून गेर्लिंडच्या खाणावळीत कांदे चिरते आहे, एवढं तरी लक्षात राहायला हवं होतं! पण स्वतःच्या वाढदिवसासाठी खाणावळीचं सभागृह ठरवायला आलेला तो पन्नाशीचा गृहस्थ छान हसला, “धन्यवाद” म्हणाला आणि करारावर सही करून निघून गेला.

“चुकले गं,” मी म्हणाले.

“तू तर चुकलीसच. पण तो चिडला कसा नाही?” गेर्लिंड दाराकडे बघत म्हणाली.

“सभ्य असेल.”

“सभ्य! आमच्याकडचा सभ्यातला सभ्य माणूस ‘आधी नको, आधी नको’ म्हणून ओरडतो. इव्हेता, या माणसाचा वाढदिवसच नाहीये. तुझ्या पोलीस भाच्याला फोन लाव.”

शेजारच्या गावात अशाच एका ‘वाढदिवसाला’ चार देशांतले हिटलरभक्त जमून नको ती गाणी गाऊन गेले होते. त्या खाणावळीत आता कुणी पाणी प्यायलाही जात नाही. आमचं सभागृह तर गेर्लिंडच्या नवऱ्याने, एकेहार्डने, फळी न् फळी स्वतः ठोकून उभारलेलं. तिथे तसलं काही झालं असतं तर तिने कायमचं कुलूप घातलं असतं आणि मीही तो पूल पुन्हा ओलांडला नसता.

माझा भाचा वोय्ता सीमेवरच्या चौकीत असतो. तिथे चेक आणि जर्मन पोलीस एकाच टेबलाशी बसतात.

“मावशी, गुन्हा काय लिहू? आरोपी धन्यवाद म्हणाला?” तो फोनवर खो खो हसला. त्याच्यासमोर बसणारा जर्मन सहकारी श्टेफन मात्र हसला नाही.

“आधीच धन्यवाद म्हणाला?” त्याने विचारलं आणि दुसरा फोन उचलला.

मग एकेक धागा उसवत गेला. गृहस्थाचा खरा वाढदिवस नोव्हेंबरात, अजून कित्येक महिने लांब. त्याने सभागृह ठरवलं होतं त्याच शनिवारचं, हिटलरभक्तांच्या मेळाव्याचं गुपचूप आमंत्रण हंगेरीच्या पोलिसांच्या हाती लागलेलं, आणि तिथे गाणारे कोण ते स्वीडनच्या पोलिसांना ठाऊक. खोटं सांगून केलेला करार गेर्लिंडने मोडला. बंदी असलेली पत्रकं घेऊन निघालेल्या बसगाड्या ज्या त्या देशात अडल्या.

तरीही शनिवारी चार देशांचे पोलीस दाराशी पहाऱ्याला हजर. दुपार टळली, चिटपाखरू फिरकलं नाही.

“एवढी माणसं उपाशी उभी करायची?” म्हणत गेर्लिंडने बटाट्याच्या सॅलडची पातेली बाहेर काढली. मी उकडीचे गोळे केले. आमच्या गावचा बँड पूल ओलांडून वाजत आला, मागोमाग दोन्ही गावं सभागृहात आली. वोय्ता नाचला, आधी त्याचं पोट नाचायचं, मग तो. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात हंगेरीचा पोलीस बोतोंद याला कुणीतरी सांगितलं, की उद्या यजमानीणबाई सत्तर वर्षांच्या होणार. बिचाऱ्याने पेला उंचावला. “वाढदिवसाच्या शुभेच्छा!”

“आधी नको!” श्टेफन किंचाळला. बँड थांबला.

एकेहार्डलाही एका पाहुण्याने असंच आदल्या दिवशी म्हटलं होतं, आणि सकाळी तो उठलाच नाही. तेव्हापासून गेर्लिंडने स्वतःचा वाढदिवस कधी केला नव्हता. ती पांढरीफटक पडली. पायाखालच्या फळ्यांकडे बघत राहिली. मग बोतोंदचा हात तिने दोन्ही हातांत घेतला.

“धन्यवाद,” ती म्हणाली. “वोय्ता, आता माझंही नाव लिहून घे रे!”

सभागृह हसून दणाणलं. मी हसले, पण रात्रभर माझा डोळा लागला नाही.

उजाडताच पूल ओलांडला. खाणावळीच्या खिडक्या बंद, धुराड्यातून धूर नाही. सभागृहाचं दार ढकललं.

गेर्लिंड एकेहार्डच्या फळ्या झाडत होती आणि कालचं बँडचं गाणं गुणगुणत होती.

“आलीस? आता दे शुभेच्छा,” ती म्हणाली.

मी कोपऱ्यातला दुसरा झाडू उचलला.