एक चांदणी कमी

मी ओळी लावणारी. माणसांची रांग लावायला पोलीस लागतो, म्हणून मी अक्षरांची लावते. लोक मला वेबसाइट म्हणतात. मला घर नाही, दार नाही. नाशिकच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तृप्तीने माझा पत्ता टाकला, की मी तिच्या पडद्यावर हजर.

काही शिकल्यासवरल्या लोकांनी मला घडवलं. प्रत्येक जिवाच्या आत म्हणे चारच अक्षरांचं लांबच लांब लिखाण असतं. ते मला द्यायचं. मी एकाखाली एक ओळी बसवते, कमी पडेल तिथे आडवी रेघ टाकते, आणि सगळ्यांचं जुळेल त्या अक्षराखाली चांदणी काढते. माणूस, उंदीर, मासा, सगळे माझ्याकडे एकाच पंगतीला. "मी ह्याच्याशेजारी बसणार नाही" असं अजून एकही मासा म्हणाला नाही. काम फुकट, त्यामुळे आभार कुणी मानत नाही. सात दिवसांनी मी सगळं पुसून टाकते.

एके दिवशी हरसूलकडची ललिता तृप्तीकडे आली. कडेवर चार महिन्यांचा सुयश, मागे सासू भागीबाई. ललिता आणि तिचा नवरा सोमा, दोघांच्याही रक्तात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अंश. दोघं धडधाकट, पण लेकराला तो दोघांकडूनही आला, तर आजार. बाळ लहान, दोनदा रक्त काढूनही नीट कळेना. म्हणून डॉक्टरांनी नमुने कॉलेजात पाठवले होते.

तृप्तीने तीन ओळी टाकल्या. वर निरोगी माणसाची, मधे ललिताची, खाली सुयशची. मी चांदण्याच चांदण्या काढल्या.

"सगळं जुळलं! बाळ ठणठणीत," तृप्ती म्हणाली.

भागीबाईने सुयशवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "बघ! उगाच लय घोर लावून घेतलास."

ललिता मात्र हसेना. "ताई, मधली वळ माझी ना?"

"हो."

"माझ्यात तर दोष हाय. कागद हाय माझ्याकडं. मग माझी वळ निरोग्यासारखी कशी?"

तृप्तीने ओळी पुन्हा तपासल्या. तिने एकच ओळ तिन्ही जागी चिकटवली होती. मला कसं कळावं? द्याल ते मी लावते. चूकसुद्धा मी फार सुबक लावते.

मग खऱ्या ओळी आल्या. एका अक्षराखाली चांदणी नव्हती. ललिताच्या ओळीत तिथे आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन अक्षरांपैकी एक चांगलं, एक बिघडलेलं, अशी खूण. सुयशच्या ओळीतही तीच.

"म्हंजे काय, ताई?"

"तुमच्यासारखाच आहे. अंश आहे, आजार नाही. डॉक्टर पक्कं सांगतील."

"माझ्यासारखा?" ललिता डोळे पुसत हसली. "मी दोन हंडे घेऊन टेकाड चढते. चढंल तोबी."

"येडी! चांदणी गेली नि ही हसती," भागीबाई म्हणाली. पण पदर तिनेही डोळ्यांना लावला.

सात दिवस झाले. नियमाप्रमाणे मी सुयशला पुसलं. छापलेला कागद ललिताकडे आहे.

माझं मागणं एवढंच. मला ओळी खुशाल द्या, पण शेजारी ललितासारखं कुणीतरी बसवा. मला जुळवता येतं, वाचता येत नाही.