माझ्या हुकावरचा चंदेरी रंग

मित्रांनो, मी एक जुनी चेनपुली आहे. दोन टन ओझे उचलणारी. हे वाक्य मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता सांगताना लाज वाटते. का वाटते, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिले नसेल. लोखंडाचे एक गोल घर, त्यात दातांची चाके, वर टांगायला एक हूक, खाली ओझे अडकवायला दुसरा हूक आणि दोन साखळ्या. एक साखळी हाताने ओढली की चाके फिरतात आणि दहा जणांना न उठणारे ओझे एकटा माणूस उचलतो.

माझा जन्म लुधियानाकडच्या एका कारखान्यात झाला. जुन्या जालन्यातल्या एका दुकानात मी दीड वर्ष ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून पडून होते. तिथून मला शहागडच्या ख्वाजामियाँनी विकत घेतले. ते ट्रकचे मिस्त्री. मला मांडीवर घेऊन ते एस.टी.त बसले. कंडक्टर म्हणाला, "चाचा, ह्याचं लगेज लागंल."

"लगेज कशाचं? लेकरू हाय. मांडीवर गप बसून राह्यलंय."

"किती किलोचं लेकरू?"

"पंचवीस."

"मंग फुल तिकीट काढा!"

सगळी एस.टी. हसली. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले, आपल्याला घर मिळाले.

या गोष्टीला बावीस वर्षे झाली. हायवेच्या कडेला ख्वाजामियाँचे पत्र्याचे गॅरेज आहे. पुढे तीन पायांची उंच लोखंडी घोडी उभी असते आणि तिच्या माथ्यावर मी. किती इंजिने मी उचलली त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण त्या गॅरेजचा एक नियम होता, तो मात्र एकदाही मोडला नाही. इंजिन सगळीकडून सुटले की ते आधी फक्त चार बोटे उचलायचे. मग थांबायचे. ख्वाजामियाँच्या पत्नी रजियाबी चहा आणायच्या. सगळ्यांनी घोडीपासून दूर बसून तो सावकाश प्यायचा. कुठे काही कुरकुरले, सरकले, तर ते चहा संपेपर्यंत कळते. त्यानंतरच इंजिन वर ओढायचे. नवे गिऱ्हाईक घाई करू लागले की ख्वाजामियाँ म्हणत, "इंजिनला जल्दी न्हाई, तुमालाच हाय. चहा प्या."

दुसरीही एक रीत होती. गावात कोणालाही गरज पडली तर मला न्यायची मुभा होती. भाडे नाही. परत देताना साखळीला तेल लावायचे, एवढेच.

गेल्या संक्रांतीला मला रामराव घेऊन गेले. रामराव म्हणजे तिथले जुने बागायतदार. मोसंबीची बाग, थोडा ऊस, स्वतःचा एक ट्रक. ख्वाजामियाँशी त्यांची तीस वर्षांची ओळख. जाताना म्हणाले, "विहिरीतली मोटर वर काढायची हाय."

ख्वाजामियाँ म्हणाले, "मोटरच काढा. हिला आडवं वढू नका. ही उचलायची हाय, वढायची न्हाई."

"मला काय एवढं बी कळत न्हाई का, ख्वाजाभाई?"

मोटर काढली, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी उसाने भरलेली ट्रॉली ओल्या रानात रुतली. रामरावांनी मला बाभळीला बांधले आणि ट्रॉलीला जुंपले. दोन टनांपेक्षा ते ओझे कितीतरी जास्त होते. ट्रॉली निघाली, पण माझा खालचा हूक बोटभर उघडला. रामरावांनी तो पाहिला आणि इकडेतिकडे पाहिले. रानात कोणी नव्हते. घरामागे नेऊन त्यांनी तो घणाने ठोकून पुन्हा जागेवर बसवला. थंड लोखंड असे ठोकू नये, मित्रांनो. वाकल्या जागी केसाएवढी चीर पडली.

ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यासाठी आणलेला चंदेरी रंग घरात होता. एकट्या हुकाला दिला तर डोळ्यांत भरेल, म्हणून त्यांनी मला सगळीकडूनच रंगवले.

मला परत आणले तेव्हा ख्वाजामियाँ उठून उभे राहिले. "आरं वा, रामराव! पुली नेली अन् नवरी आणली!"

रजियाबी आतून म्हणाल्या, "भाऊ, आमच्या दाराला बी एक हात मारा की!"

सगळे हसले. रामरावही हसले, पण चहा न घेताच गेले.

आणि मी? माझी चीर मला ठसठसत होती. तरी येणारा-जाणारा ड्रायव्हर मान वर करून माझ्याकडे पाहायचा आणि मला बरे वाटायचे. बावीस वर्षांत मला कोणी 'नवरी' म्हटले नव्हते. त्या रंगाखाली मी सात इंजिने उचलली. प्रत्येक वेळी चीर थोडी खोल गेली.

आठवे इंजिन रामरावांच्याच ट्रकचे निघाले. मोसंबी घेऊन जाताना ते गरम होऊन त्याचा ब्लॉक फुटला. दुरुस्तीत अर्थ नव्हता. जालन्याहून दुसरे, जुने पण धडधाकट इंजिन आणले आणि टायरवर ठेवले.

ख्वाजामियाँची तयारी पाहण्यासारखी असे. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही इंजिनांची भोके सुतळीने मोजून ताडून पाहिली. फुटलेले इंजिन डिझेलने धुतले, म्हणजे चिखलाखाली एकही बोल्ट लपून राहू नये. पाणी आणि काळे ऑईल काढले. त्यांचा मुलगा तन्वीर आता बापाच्या बरोबरीचा मिस्त्री झाला आहे. त्याने प्रत्येक सोडलेल्या वायरच्या दोन्ही टोकांना रजियाबींच्या शिवणातल्या एकाच रंगाच्या चिंध्या बांधल्या. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत गेले. चाकांमागे दगड, इंजिनाखाली लाकडी ठोकळे. सगळे तपासले, दोनदा तपासले. मला तेवढे कोणी तपासले नाही. मी घरची होते आणि चकचकीत होते.

रामराव दोन्ही दिवस तिथेच घुटमळत होते. ते म्हणाले, "ख्वाजाभाई, क्रेन बोलवू का जालन्याहून? खर्च माझा."

"क्रेन? तुमच्या लग्नाची वरात हाय का?"

"न्हाई, म्हंजे आता वय झालं पुलीचं..."

ख्वाजामियाँचा हात थांबला. "रामराव, माझं बी वय झालं. मला बी बदलून आणता का? बावीस वर्षं झाली, कवा धोका दिला तिनं?"

रामरावांनी तोंड फिरवले. मीही.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाला ट्रकच्या सांगाड्याशी, म्हणजे चासीशी, धरून ठेवणारे फाउंडेशनचे शेवटचे बोल्ट निघाले. साखळदंड इंजिनाला गुंडाळून माझ्या हुकात अडकवला. तन्वीरने साखळी ओढली. एक बोट, दोन बोटे, चार बोटे. थांबला. चीर आता माझ्या आरपार जात होती. मला ते कळत होते. साखळी खडखडवून मी तेव्हाच ओरडायला हवे होते. पण तिला इतके छान तेल लावलेले होते की ती गुपचूप लोंबत राहिली.

रजियाबी चहा घेऊन आल्या. सगळे दूर बसले. रामराव कप घेऊन सगळ्यांत लांब बसले.

इतक्यात तन्वीरला दिसले, की एक हिरव्या चिंधीची वायर इंजिन आणि चासीच्या मध्ये चेमटली आहे. "तुटंल ती," म्हणत तो उठला.

"चहा संपू दे," ख्वाजामियाँ म्हणाले.

"एकच मिनिट, अब्बा." तो वाकला आणि त्याने खांद्यापर्यंत हात इंजिनाखाली घातला.

"हात काढ! तन्वीर, हात काढ आधी!" रामराव ओरडले. त्यांचा कप जमिनीवर फुटला.

तन्वीर दचकून मागे झाला. सगळे रामरावांकडे पाहू लागले. "हूक... हूक गेलाय, ख्वाजाभाई. मी ट्रॉली वढली व्हती."

ख्वाजामियाँ उठले. त्यांनी स्वतः साखळी धरून इंजिन हळूहळू ठोकळ्यांवर टेकवले. मला खाली उतरवले. खिशातल्या चाकूने हुकावरचा रंग खरवडला. मग लहान हातोडीने एकच टिचकी मारली. माझ्या हुकाची चोच तुटून त्यांच्या तळहातावर पडली.

"कवापासून?"

"संक्रांतीपासून."

ते बोटांवर मोजू लागले. सातव्या बोटाला थांबले. "सात इंजिनं. गिअरबॉक्स जोडताना तीन बारी माझ्या पोराचं डोकं हिच्या खाली व्हतं."

"मला वाटलं तुमी हसताल. एवढं सांगून बी मी आडवं वढलं म्हून. लाज वाटली."

"लाज वाटली तर सांगायचं असतं, रामराव. रंग द्यायचा नसतो." मग तळहातावरच्या तुकड्याकडे पाहत ते हळू म्हणाले, "अन् मी! सगळे बोल्ट बघितले, हिला बघितलं न्हाई. चमकली अन् मी बी फसलो."

त्या दिवशी तिथे तिघे मान खाली घालून होते: रामराव, ख्वाजामियाँ आणि मी.

चार दिवसांनी रामराव जुन्या जालन्याहून नवा हूक घेऊन आले. गाडीने नव्हे, एस.टी.ने, मांडीवर ठेवून. येताना घासणीचा कागदही आणला आणि उन्हात बसून माझ्या अंगावरचा सगळा रंग स्वतःच्या हाताने काढला. तन्वीर म्हणाला, "काका, मी करतो." त्यांनी कागद सोडला नाही.

मग नवा हूक बसवून इंजिन पुन्हा चार बोटे उचलले. चहा आला. या वेळी कोणी उठले नाही. रामरावांचा कप तसाच होता, त्यावर साय धरली. ते नव्या हुकाकडे टक लावून पाहत होते.

ख्वाजामियाँ म्हणाले, "प्या, रामराव. आता काय हाय ते समोर हाय."

रामरावांनी साय फुंकून बाजूला केली आणि चहा संपवला. त्यानंतरच फुटलेले इंजिन वर गेले.

माझी तुटलेली चोच आता घोडीच्या पायाला तारेने बांधलेली आहे. मला न्यायला कोणी आले की ख्वाजामियाँ तिच्याकडे बोट दाखवतात.

मित्रांनो, मी जुनी आहे, मला गंजू देऊ नका, तेल द्या. पण माझ्याकडून काम घेण्याआधी माझ्यावरून हात फिरवा, वाकले-चिरले असेल तर शोधा. आणि कोणाची वस्तू तुमच्या हातून मोडली, तर तशीच मोडकी परत न्या, समोर ठेवा, सांगा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.