घर्षणाविरुद्ध एक दुपार

"मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे घर्षणाविरुद्धचा लढा आहे," असं उत्तरेश्वर लोंढे यांनी जाहीर केलं, तेव्हा ते विमानाच्या इंजिनाखाली सतरंजीवर उताणे पडले होते आणि तेलाचा एक ओघळ त्यांच्या बाहीतून काखेकडे निघाला होता.

"लढा जरा डावीकडे घ्या काका, मला नळी दिसत नाहीये," प्रियदर्शनी म्हणाली. विमानाची तपासणी करून सही करणारी इंजिनिअर ती. लोंढ्यांना सतरंजीवर पडायची परवानगीही तिनेच दिली होती.

हडपसरच्या पुढे एका छोट्या धावपट्टीलगत पत्र्याची शेड आहे. लोंढ्यांचं दोन माणसांचं विमान तिथे राहतं. राहतं हाच शब्द बरोबर. उडतं ते क्वचित. आणि विमान असं उभं राहिलं की इंजिनातलं तेल तळाशी जाऊन बसतं. मग एकदम किल्ली फिरवली, तर पहिले काही क्षण लोखंड कोरड्या लोखंडावर घासतं. झोपेतून उठवून आपल्याला कोणी थेट पर्वतीच्या पायऱ्यांवर सोडावं, तसं. म्हणून हा नवा विजेचा पंप. किल्लीच्या आधी बटण दाबायचं. पंप बॅटरीवर चालतो, तेल वर चढतं, दाबाची सुई हिरव्या पट्ट्यात येते. मग पंप बंद करायचा आणि मगच किल्ली.

तो आजच बसायला हवा होता, कारण आज लोंढ्यांच्या पत्नी विजयमालाबाई येणार होत्या. कर्वेनगरच्या एका कॉलेजला हे विमान हिरवळीवर शोभेला उभं करायचं होतं, आणि बाईंनी नवऱ्याला सरळ सांगितलं होतं, "अहो, आज मला वर नेऊन आणलंत तर ठेवा. नाहीतर उद्या मी कॉलेजला हो म्हणते. निदान मुलं त्याच्यापुढे फोटो तरी काढतील."

दुपारी दोनची वेळ मिळाली. त्या वेळी पुण्यावरून काहीही गेलं तरी हरकत घ्यायला जागं कोणी नसतं. बाई मसालेभात आणि मठ्ठा घेऊन आल्या, कारण जेवल्याशिवाय प्रवासाला निघायचं नाही, हा लोंढ्यांच्या घरचा नियम. जेवण झालं. प्रियदर्शनीने विमान बाहेर काढून दिलं आणि ती आपला डबा खायला शेडमध्ये गेली. दोघं आत बसले, पट्टे बांधले. लोंढ्यांनी बटण दाबलं.

पंप गुणगुणायला लागला. सुई हळूहळू हिरव्यात आली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं. पण थोडं आणखी जाऊ दे," लोंढे म्हणाले. ते जन्मभर पंपांच्या कारखान्यात होते. चांगला चालणारा पंप बंद करायला त्यांचा हात उचलत नसे. "ऐक, कसा बोलतोय."

दोघं ऐकत राहिले. काचेतून ऊन येत होतं, पोटात मठ्ठा होता.

मग विमान उडालं. निदान त्या दोघांचा तसा समज झाला. खाली मुठा चांदीच्या सरीसारखी पडली होती. सदाशिव पेठेतल्या स्कूटर मोहरीसारख्या तडतडत होत्या, पण आवाज वर येत नव्हता. कर्वेनगर आलं, वारजे आलं, गच्च्यांवरचे पापड आले. पुढे खडकवासल्याचं पाणी आडवं झालं आणि विमान त्याच्यावरून, कशालाही न घासता, नुसतं सरकत राहिलं.

जाग आली तेव्हा ऊन पंखावरून कलतं झालं होतं. पंप गप्प होता. लोंढ्यांनी किल्ली फिरवली. टक्, एवढंच. बॅटरी संपली होती.

"खडकवासल्यात पाणी बरंच होतं," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

लोंढ्यांना हो म्हणून मोकळं होता आलं असतं. घोटभर हवा गिळून ते म्हणाले, "अगं, आपण जागचे हललेलो नाही."

"ते कळतंय मला. समोर तीच शेड आहे."

"मग उद्या कॉलेजला..."

"कॉलेजला कशाला? शेजारची सोसायटी पाडायला घेतल्यापासून दुपारचा डोळा लागलेला नाही माझा. ठेवा हे. दर रविवारी येऊ."

या क्षणाला शोभेल असं, मानवजातीला उद्देशून काहीतरी बोलावं म्हणून लोंढ्यांनी छाती भरून घेतली.

काचेवर टकटक झाली. बाहेर प्रियदर्शनी धुतलेला डबा हातात घेऊन उभी होती.

"मला वाटलं, तुम्ही प्रार्थना करताय," ती म्हणाली. "काका, जरा ब्रेक सोडता का? आत ढकलायचंय."