कावळ्यानं दिलेली साक्ष

परंड्याच्या कॉलेजात क्लार्क असलेल्या रामहरीला आपलं म्हणणं खरं करून दाखवायची भारी हौस. ऑफिसात असो, घरात असो, शेवटचा शब्द त्याचाच. त्यामुळं आई गेली तेव्हा ती कशानं गेली यापेक्षा कुणामुळं गेली हे ठरवण्यातच तो गुंतला, आणि ठरवायला त्याला फार वेळ लागला नाही.

दोष त्यानं दिला करिश्माला. करिश्मा म्हणजे धाकट्या भावाची, उमाशंकरची बायको. बार्शीच्या एका दवाखान्यात ती नर्स होती. कोरोनाची दुसरी लाट भरात असताना ती पाडव्याला सासरी आली, आणि आठवड्याच्या आत सासूला, बानूबाईंना, ताप चढला. सासूची सेवा करिश्मानंच केली. उशाशी बसली, पाणी पाजलं, अंग पुसलं. रामहरी दारातूनच चौकशी करायचा. पण बानूबाई वाचल्या नाहीत.

दहाव्याला सीनेच्या काठी मोजकीच माणसं जमली. पिंड मांडला. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. अशा वेळी करतात तसं एकेकानं पुढं होऊन गेलेल्या जिवाला शब्द दिला. उमाशंकर म्हणाला, तुझी म्हैस विकणार नाही. कुणी म्हणालं, नातीचं, मंजुषाचं शिक्षण थांबवणार नाही. कावळा ढिम्म. ऊन चढत चाललं तसा रामहरीचा तोल सुटला. हात जोडून तो सगळ्यांदेखत म्हणाला,

“आई, जिनं हा आजार घरात आणला, तिला तुझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देणार न्हाय.”

आणि कावळा उतरला. त्यानं पिंडाला चोच लावली.

झालं. आता यापुढं कोण काय बोलणार? खुद्द बानूबाईंनीच निकाल दिला, असं सगळ्यांनी धरून घेतलं. करिश्मा मागं उभी होती. तिनं डोळे पुसले आणि एक अक्षर न बोलता ती तिथूनच बार्शीला निघून गेली. उमाशंकरही तिच्याकडंच राहू लागला. शेतातलं काम निघालं की एकटाच यायचा, आणि काम झालं की ओट्यावर न टेकता परतायचा.

नागपंचमी जवळ आली तसा उमाशंकरनं विषय काढला. सणाला बायकोला घरी आणतो म्हणाला. रामहरी बधणारा नव्हता, आणि आता तर त्याच्या हाती नवं हत्यार होतं. अँटीबॉडीची रक्ततपासणी केली की आजार होऊन गेला होता का ते कळतं, असं त्याला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. तिचं रक्त तपास, म्हणजे कायमचं मिटेल, असं त्यानं भावाला सुनावलं. उमाशंकर म्हणाला, दादा, तिचं तपासायचं तर तुमचंही तपासू. रामहरीनं छाती पुढं काढून होकार दिला. त्याला कशाचं भय होतं?

बार्शीला रक्त दिलं. रिपोर्ट आले. करिश्माच्या कागदावरचा अँटीबॉडीचा आकडा चांगलाच मोठा होता. एवढं एकच बघून रामहरी कागद फडकावत डॉक्टरांच्या खोलीत शिरला. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शांतपणे वाचले आणि बाईंनी लस घेतलीय का, असं विचारलं. घेतली होती. दवाखान्यातल्या लोकांना ती सगळ्यांच्या आधी मिळाली होती.

मग हा आकडा लशीचा असणार, डॉक्टर म्हणाले. विषाणूच्या दोन निरनिराळ्या भागांविरुद्धच्या अँटीबॉडी इथं तपासल्या होत्या. पहिली बाईंनी घेतलेल्या लशीनंही तयार होते. दुसरी त्या लशीनं होत नाही, तिला आजारच होऊन जावा लागतो. ती दुसरी बाईंच्या रक्तात नव्हती. म्हणजे त्यांना बहुधा लागण झालेलीच नव्हती.

“तुम्ही लस घेतलीय?”

रामहरीनं नाही म्हणून मान हलवली.

“तुमच्या रक्तात दोन्ही आहेत. तुम्हाला होऊन गेलाय.”

शक्यच नाही, असं रामहरी म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं. कुर्डुवाडीचं लग्न. पाडव्याच्या तोंडावर, बंदी असताना, कार्यालयाचं शटर अर्धं ओढून लावलेलं. तिथून आल्यावर अंग मोडून आलं होतं. ऊन लागलं म्हणून त्यानं गोळी घेतली होती. करिश्मा आल्या आल्या म्हणाली होती, दादा, तपासून घ्या. तुझं दवाखान्याचं खूळ घरात आणू नको, असं तिला झापून तो रोजच्यासारखा आईला खेटून जेवायला बसला होता.

डॉक्टर पुढं सांगत होते की आजार कधी झाला ते ही तपासणी सांगत नाही, कुणाकडून कुणाला गेला हे तर मुळीच नाही. काही जणांच्या अँटीबॉडी कालांतरानं उतरूनही जातात. तेव्हा यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नका. ते बिचारे धीर द्यायला बोलत होते, पण रामहरीला प्रत्येक शब्द तोंडात मारल्यासारखा लागत होता. ठरवायलाच तर तो आला होता. शेजारी बसलेल्या उमाशंकरनं दोन्ही कागद घडी करून खिशात ठेवले.

तिथून तो तडक करिश्माच्या खोलीवर गेला. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिनं पाणी दिलं. त्यानं ते हातातच धरलं आणि फरशीकडं बघत सांगून टाकलं, आजार आपणच आणला. रिपोर्ट असं म्हणत नाही, दादा, ती म्हणाली.

“रिपोर्ट न्हाय म्हणत. म्या म्हणतो. पण तू माझ्या आजारपणाचं नदीवर का बोलली न्हाईस?”

करिश्मानं त्याच्या हातातलं पाणी घेऊन खाली ठेवलं.

“आत्याबाईंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, भाजल्या लसणाचा वास रामहरीला येईना, तवाच मला कळलं. त्याला सांगू नगं. जलमभर जिवाला लावून घेईल.”

रामहरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती त्याच्या पानात वाढत राहिली होती. आणि तिला दिलेला शब्द पाळला तो त्याच बाईनं, जिला त्यानं आईच्याच नावानं घराबाहेर काढलं होतं. त्याला वर बघवेना.

पंचमीआधी आईची महिन्याची तिथी आली. नदीवर जी माणसं होती, तीच रामहरीनं घरी बोलावली. घराच्या पत्र्यावर कावळ्यासाठी घास ठेवला. करिश्मा उंबऱ्याबाहेर उभी होती. सगळ्यांदेखत तो म्हणाला, आई, माझा शब्द खोटा होता, तिला म्या उगीच बोल लावला. कावळा येईना. माणसं पत्र्याकडं बघत राहिली. कुणीतरी सुचवलं, अजून काही कबूल करा.

“येऊ दे, न्हायतर न येऊ दे,” रामहरी म्हणाला. “आज त्याला इचारायचं न्हाय.” मग तो करिश्माकडं वळला. “आत ये, पोरी.”

ती आत आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं चुलीवर लसूण भाजल्याचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. रामहरीला तो चांगला आला. त्यानं टॉवेल तोंडाला लावला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.