आठ खुर्च्या, चार जागा

खोलीत खुर्च्या आठ होत्या आणि दारावरच्या यादीत उमेदवार नऊ. शिवाय एक टेबल, टेबलावर पाण्याचा जग, दोन पेले, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ आणि छताला वाटीएवढी एक पांढरी गोल डबी, जिच्यात मधूनमधून लाल दिवा लुकलुकत होता. समाजकार्याच्या पदवीला जागा उरल्या होत्या चार. ही सगळी मोजदाद मुंगीने दारातून आत येता येताच केली. चष्म्याच्या दुकानात वाढलेल्या मुलीला ही सवय लागतेच. काचा, फ्रेमा, इवलेसे स्क्रू, संध्याकाळी सगळं जुळायला हवं.

मुंगी हे तिचं घरचं नाव. लहानपणी ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची, म्हणून पडलेलं. मागच्या वर्षी याच मुलाखतीत तिला विचारलं होतं, समाजकार्यच का? तिने खरं ते सांगून टाकलं: दुकानात येणारी माणसं चष्म्याबद्दल थोडं आणि घरच्यांबद्दल फार बोलतात, आणि मला ते ऐकत बसायला आवडतं. मुलाखत घेणारे एकमेकांकडे बघून "छान" म्हणाले आणि आठवड्याभरात नकार घरी पोचला. यंदा बाबांनी निक्षून सांगितलं होतं, "हे शेवटचं. जमलं तर जमलं, नाहीतर सोमवारपासून काउंटर."

आता खोलीत सात जण तिच्या आधी येऊन थांबले होते आणि सातही जण उभे होते. खुर्च्या रिकाम्या.

"बसायचं नाही का?" तिने शेजारच्या मुलीला विचारलं. तिच्या खांद्याला कापडी झोळी होती आणि झोळीवर पृथ्वी वाचवण्याचा संदेश.

"शू! खुर्च्या मोजल्यास?" झोळीवाली ओठ न हलवता पुटपुटली. "एक कमी आहे. मुद्दाम कमी ठेवलीय. जो आधी बसला तो गेला." मग तिने बुबुळं वर फिरवली. "कॅमेरा."

मुंगीने वर पाहिलं. तशीच डबी त्यांच्या दुकानात होती आणि ती धूर झाला की बोंब मारायची. पण दुकानातल्या डबीवर कुणाचा प्रवेश अवलंबून नव्हता. तीही उभी राहिली.

"तुम्ही बसा ना," फायलीवाला एका मुलीला म्हणाला. त्याच्या काखेत प्रमाणपत्रांची इतकी जाड फाईल होती की तिला दोन रबरबँड लागले होते.

"छे छे, तुम्हीच बसा. तुमच्या हातात ओझं आहे."

"सेवेचं ओझं वाटत नाही मला," फायलीवाला छताकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाला.

"आला मोठा संत," मागून कुणीतरी कुजबुजलं आणि लगेच, डबीला ऐकू जाईल अशा बेताने, "किती सुंदर विचार!" असंही म्हटलं.

इतक्यात मुंगीसोबत आलेल्या आत्याने दारातून डोकं आत घातलं. तिचं इस्त्रीचं दुकान होतं, आणि दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला रिकामी खुर्ची वाया गेलेली बघवत नाही. "अगं मुंगे, बस की! खुर्च्या काय बघायला ठेवल्यात?"

"आत्या, तू बाहेर थांब ना."

"थांबतेय. तुझ्या बाबांचा फोन होता. सोमवारी नव्या फ्रेमा येतायत, कोण मांडणार म्हणून विचारत होते. मी सांगितलं, तुमचे तुम्ही मांडा. माझी लाज राख म्हणजे झालं."

आत्या मागे सरली, तोच कुबड्या टेकत नववा उमेदवार आला. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. खोलीत एकदम वीज खेळली. इतका वेळ सगळ्यांकडे दया होती पण तिला गिऱ्हाईक नव्हतं, ते आता दारात उभं होतं. आठ जणांनी आठ खुर्च्या एकाच वेळी पुढे ओढल्या. नुसता खरखराट. फायलीवाल्याची आणि झोळीवालीची खुर्ची एकमेकींत अडकली, आणि दोघंही "सोडा, मी देतो," "नाही, मी देते" करत ती हिसकायला लागली.

प्लास्टरवाल्याने खुर्च्या पाहिल्या, माणसं पाहिली, डबी पाहिली. तोही अर्ज करूनच आला होता; खुळा नव्हता.

"आभारी आहे," तो म्हणाला. "पण मला सवलत नको. तुम्ही उभे, तर मीही उभा."

आता आली का पंचाईत! आठ धडधाकट माणसं आणि एक प्लास्टरवाला, नऊच्या नऊ उभे, मध्ये रिकाम्या खुर्च्यांचं कडं. किल्ल्यांचा जुडगा वाजवत कारकूनबाई पहिला नंबर पुकारायला आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"हे काय? खुर्च्या ओल्या आहेत का?"

फायलीवाल्याने नम्रपणे विचारलं, "मॅडम, नववी खुर्ची..."

"ती होय? मीच नेली. पलीकडच्या खोलीतला दिवा गेलाय, वर चढायला काहीतरी नको का? बसा, बसा सगळे."

बाई पहिल्या उमेदवाराला घेऊन गेल्या. झोळीवालीने डोळे बारीक केले. "बघितलंस? किती सहज बोलल्या. हाही परीक्षेचाच भाग."

कुणीही बसलं नाही.

एकेक नंबर आत जात राहिला. मुंगीचं लक्ष मात्र प्लास्टरवाल्यावर खिळलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते आणि तो अधूनमधून डोळे मिटून घेत होता. तिने मनाशी हिशोब मांडला. सगळे बसल्याशिवाय हा बसणार नाही. सगळे तर बसणारच नाहीत. पण एकाने सुरुवात केली तर? आणि त्या एकाचा निकाल लागला तर? तिला काउंटर दिसलं, फ्रेमांची खोकी दिसली.

ती बसली.

उरलेल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की हिचं सांत्वन आधी कोण करणार एवढाच प्रश्न. प्लास्टरवाला मात्र जागचा हलला नाही. तिचा हिशोब सपशेल चुकला होता. मग ती उठून त्याच्याजवळ गेली.

"बसायचं नाहीये का तुला?"

"नाही."

"मग काय हवंय?"

त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "शौचालय कुठेय? बसलो तर पुन्हा उठता येणार नाही, आणि मग सगळी शोभा. केव्हाची दाबून धरलीय."

"मग सांगायचंस ना!"

"कुणाला? पाण्याचा पेला तेवढा चौघांनी आणून दिला."

मुंगी कारकूनबाईंकडे धावली. शौचालय खालच्या मजल्यावर, लिफ्ट बंद. या मजल्यावरचं फक्त कर्मचाऱ्यांचं, कुलूपबंद. "किल्ली मिळेल?" तिने विचारलं. बाईंनी जुडग्यातून किल्ली काढून दिली. "मिळेल की. आतून कडी नाही हां, कुणीतरी राखणीला उभं राहा."

व्हरांडा लांबलचक होता. कुबड्यांच्या चालीने जाताना मुंगीला एकदा वाटलं, हे त्या डबीने टिपलं असतं तर बरं झालं असतं. वाटलं आणि कानशिलं तापली. तिचा नंबर सातवा. दाराशी पाठ लावून ती उभी असताना टोकाच्या खोलीतून सातवा नंबर दोनदा ऐकू आला.

"सात नंबर, पुकारतायत!" आतून प्लास्टरवाला ओरडला. "तू जा!"

"दार कोण धरणार? तू आटप!"

"घाई केली की अडतं!"

ती दोघं परतली तेव्हा आठवा नंबर आटोपून फायलीवाला रुमालाने कोरडे डोळे पुसत निघाला होता. प्लास्टरवाला नववा, तो आत गेला. मुंगीला सगळ्यात शेवटी घेतलं.

आत तिघं होते: दोन प्राध्यापिका आणि चष्मा कपाळावर चढवलेले एक सर. "उशीर झाला तुम्हाला," मोठ्या बाई म्हणाल्या. "सहानुभूतीचा एखादा प्रसंग सांगा. फक्त एक विनंती, त्या पायाचा नको."

"कुठल्या?"

"प्लास्टरच्या," सर म्हणाले. "सकाळपासून सात जणांनी त्या पायाला आपली खुर्ची दिलीय. दोघांना सांगताना रडू आलं. एवढं सगळं होऊन तो मुलगा इथे येऊन पहिल्यांदा बसला."

तिच्याकडे दुसरा प्रसंग नव्हता.

"माझाही तोच पाय आहे, सर," ती म्हणाली. "खुर्ची मीही ओढली होती, पण त्याने घेतली नाही. मीच बसले होते."

"मग काय केलंत?"

"त्याला विचारलं काय हवंय. त्याला शौचालयात जायचं होतं. किल्ली आणली. कडी नव्हती म्हणून दाराशी थांबले. त्यात नंबर गेला."

धाकट्या बाईंनी गुणपत्रिकेवरून बोट फिरवलं. "हे सहानुभूतीत बसतं का?"

"भावना कुठे दिसली?" मोठ्या बाई म्हणाल्या. "चेहरा बघा, कोरडा ठणठणीत."

"सेवाभाव?"

"तसा कॉलमच नाही. गेल्या वर्षी काढला ना आपण, सगळ्यांना पैकीच्या पैकी पडायचे म्हणून."

"किल्ली आणली म्हणजे," सरांनी चष्मा खाली घेतला, "गरजू व्यक्ती आणि उपलब्ध साधन यांच्यात दुवा. संसाधन-जोडणी! या कॉलमात आजवर कुणाला काही पडलंय?"

"नाही. तो कशाचा आहे, तेच उमेदवारांना कळत नाही."

"शौचालयाची किल्ली संसाधन होते?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"वेळेवर मिळाली तर होते," सर म्हणाले.

मुंगीला बाहेर जायला सांगितलं. व्हरांड्यात आत्या बाकावर ऐसपैस बसली होती. "काय विचारलं गं?"

"शौचालयाचं."

"म्हणजे काय? एवढं शिकून तेच विचारतात?" आत्या म्हणाली आणि बाबांना फोन लावायचं तिने लांबणीवर टाकलं.

शनिवारी फाटकावर निकाल लागला. मुंगीचे गुण, प्रत्येकी दहापैकी: सामान्य ज्ञान सात, संवाद सात, वक्तशीरपणा दोन, सहानुभूती तीन, संसाधन-जोडणी दहा. एकूण पन्नासपैकी एकोणतीस. जागा चार. क्रमांक चौथा.