डॉक्टर नको म्हणाल्या

अमोलचं निफाडला खता-औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे पिकावर फवारायची. कोणतं औषध किती पाण्यात घालायचं आणि फवारल्यावर किती दिवस द्राक्षं तोडायची नाहीत, हे तो झोपेतही सांगेल. मागच्याच्या मागच्या वर्षी गेणू नावाचा मजूर हातमोजे न घालता फवारत होता. तो बागेतच चक्कर येऊन पडला. त्याला दवाखान्यात अमोलच्याच गाडीतून नेलं. डॉक्टर म्हणाले, तोंडातून काही गेलं नाही, कातडीतून गेलं. ते वाक्य अमोलच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्याची बायको सृष्टी द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये फिल्ड ऑफिसर होती. जानेवारी ते एप्रिल तिला मान वर करायला सवड नसे. सकाळी स्कूटी काढायची, निफाडपासून सायखेड्यापर्यंतच्या बागा फिरायच्या, मण्यांची फुगवण मोजायची, साखर बघायची. साखर बघायचं यंत्र छोट्या दुर्बिणीसारखं असतं. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, यंत्र उजेडाकडे धरायचं आणि डोळा लावायचा. त्यासाठी दरवेळी गॉगल काढावा लागे, तोंडावरचा स्कार्फ खाली ओढावा लागे. असं दिवसातून चाळीस-पन्नास वेळा.

गेल्या वर्षी जानेवारीअखेर तिला चौथा महिना लागला होता. एका संध्याकाळी तिनं मेडिकलमधून आणलेली सनस्क्रीनची ट्यूब जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"पॅकहाउसमधली दीपमाला म्हणाली, दिवस गेले की उन्हानं चेहऱ्यावर लगेच डाग पडतात. ही झिंकवाली आहे, चालते म्हणे. पण एकदा डॉक्टरबाईंना विचारून घेऊ. फोनवर त्या दुपारी दोन ते तीनच भेटतात, आणि मी तेव्हा बागेत असते. तुम्ही विचाराल का?"

"विचारतो," अमोल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच फोन लावला. दोनदा एंगेज लागला. मग दुकानात गिऱ्हाईक आलं. ते गेल्यावर त्यानं मोबाइल उघडला, तर कुणीतरी ग्रुपवर पाठवलेला मेसेज समोर होता. सनस्क्रीनमधलं केमिकल कातडीतून रक्तात जातं आणि रक्तातून बाळाला, असं त्यात लिहिलं होतं. केमिकल कोणतं, सगळ्या क्रीममध्ये असतं की काहींतच, यातलं काही नव्हतं. अमोलला गेणू आठवला. तीन वाजून गेले. त्यानं परत फोन लावला नाही.

संध्याकाळी सृष्टीनं हेल्मेट काढता काढता विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टरबाई?"

"नको म्हणाल्या," अमोल बोलून गेला. ती बघतच राहिली म्हणून त्यानं जोड दिली, "बाळंतपण होईपर्यंत काहीच लावू नको म्हणाल्या."

"बरं," ती म्हणाली. तिनं ट्यूब कपाटात मागे सारून ठेवली.

डॉक्टरांचा शब्द ती कधी मोडत नसे. लोहाची गोळी घड्याळ लावून घ्यायची, चहा सोडला होता. अमोलला हे माहीत होतं. म्हणूनच तर त्यानं डॉक्टरांचं नाव घेतलं.

काढणीचा जोर वाढला. मार्चच्या सुरुवातीची तपासणी तिला दोन आठवडे पुढे ढकलावी लागली. तोवर तिच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग उमटले होते. आधी तिला वाटलं, धूळ असेल. ओल्या फडक्यानं पुसून बघितलं. मग कपाळावरही आले.

"वांग हाय ते," अमोलची आई वत्सलाबाई म्हणाल्या. "मला बी अमोलच्या टायमाला आलं होतं. काय लय मनाला लावून घेऊ नको, पोरी."

"तुमचे गेले का, आई?"

वत्सलाबाईंनी स्वतःच्या गालाला हात लावला. "आता सुरकुत्यांत कुठं कळतंय," त्या हसत म्हणाल्या.

सृष्टी हसली नाही. अमोल पेपर वाचत होता. त्या दिवशीही त्याला बोलता आलं असतं.

मार्चच्या मध्यावर दोघं नाशिकला दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी वजन, रक्तदाब बघितला, बाळाचे ठोके ऐकवले. मग चष्म्यावरून सृष्टीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"उन्हात काम आहे का तुझं? या दिवसांत ऊन फार लवकर बाधतं. अकरा ते चार शक्यतो सावलीत राहा, मोठ्या काठाची टोपी घाल, आणि सनस्क्रीन लाव की."

सृष्टी गोंधळली. "पण मॅडम, तुम्हीच तर फोनवर नको म्हणालात."

"मी? छे. झिंकवालं चालतं, ते कातडीच्या वरच राहतं. काही केमिकलवाली असतात, ती मी टाळायला सांगते. पण सगळंच नको असं मी कशाला म्हणेन? कधी फोन केला होतास?"

सृष्टीनं हळूच मान वळवून अमोलकडे पाहिलं. अमोल वजनकाट्याकडे बघत होता. 'मी फोन केलाच नाही' एवढे चारच शब्द होते. ते जिभेवर आले आणि तिथेच थांबले.

"मग माझाच काहीतरी ऐकण्यात घोळ झाला असेल," सृष्टी म्हणाली.

"असू दे. आजपासून लाव. दर दोन-तीन तासांनी परत लावायचं. डागांवरची कडक मलमं आत्ता नाहीत, आणि मैत्रिणींनी सांगितलेलं गोरं करायचं क्रीम तर अजिबात नाही. बाळंतपणानंतर पुष्कळांचे डाग फिके होतात. काहींचे राहतात, तेही सांगून ठेवते."

परतीच्या वाटेवर ओझर गाव मागे पडल्यावर तिनं विचारलं,

"फोन लागला होता का?"

"नाही लागला."

"मग तसं सांगायचं."

"मला भीती वाटली गं. एक मेसेज आला होता. आणि तो गेणू..."

"मग भीती वाटते असं सांगायचं. मीही घाबरले असते. दोघं मिळून घाबरलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी परत फोन केला असता." तिचा आवाज चढला नव्हता. "डॉक्टरांच्या नावानं का सांगितलंत?"

"चुकलं माझं."

"डाग काय, पडायचे तर क्रीम लावूनही पडले असते. त्याचं मी धरून बसणार नाही."

कशाचं धरून बसणार, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती क्रीम लावू लागली. अमोलनं मोठ्या काठाची टोपी आणली, ती तिनं वापरली. पॅकहाउसमध्ये सांगून दुपारच्या बागाही दुसऱ्याकडे दिल्या. डाग वाढले नाहीत, पण होते ते राहिले. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं. फुलांचे दागिने घालून ती झोपाळ्यावर बसली. फोटो काढणारा जवळ आला की ती म्हणायची, "दादा, लांबूनच घ्या." फोटोवाल्याला वाटलं, लाजते आहे.

जुलैमध्ये मुलगी झाली, चांगली पावणेतीन किलोची. दीड महिन्याच्या लशीनंतर तिला ताप आला. अमोलनं डॉक्टरांना फोन लावला, लागला, नीट विचारून त्यानं औषधाचं प्रमाण कागदावर लिहून आणलं. सृष्टीनं कागद वाचला. "हं," म्हणाली, आणि स्वतःच्या मोबाइलवरून तिनं परत फोन लावला. डॉक्टरांनी तेच सांगितलं. तिनं औषध पाजलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. अमोल मुलीचं डोकं धरून बसला होता. ती चिडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर सृष्टी अमोलला घेऊन डाग दाखवायला त्याच डॉक्टरबाईंकडे गेली. कपाळ बरंच निवळलं होतं, गालांवरचे डाग मात्र तसेच होते. तपासून झाल्यावर ती मुलीला दुपट्यात गुंडाळत होती. अमोल खुर्चीतून उठला.

"मॅडम, मार्चमध्ये तुम्ही विचारलं होतं ना, फोन कधी केला म्हणून. हिचा घोळ नव्हता झाला. मी फोन केलाच नव्हता. घरी खोटं सांगितलं."

डॉक्टरबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. दिवसाला साठ-सत्तर बायका तपासायच्या त्या. "कोणता फोन?"

"ते सनस्क्रीनचं..."

"मला नाही आठवत हो." त्यांनी सृष्टीकडे पाहिलं. "काही त्रास झाला होता का?"

"काही नाही, मॅडम. जुनं आहे," सृष्टी म्हणाली.

बाहेर आल्यावर अमोल जिन्यापाशी थांबला. "मला ते त्यांच्यासमोर सांगायचं होतं. तुझ्यासमोर."

"कळलं मला."

"उशीर झाला."

"हो," सृष्टी म्हणाली. "पण सांगितलंत, ते बरं केलंत."

तिनं मुलीला त्याच्या हातात दिलं आणि पुढची तारीख विचारायला ती नोंदणीच्या खिडकीपाशी गेली. अमोल मुलीला घेऊन भिंतीच्या कडेला, सावलीत उभा राहिला. खिडकीतल्या बाईंनी तारीख सांगितली. ती सृष्टीनं आपल्या मोबाइलमध्ये लिहून घेतली.