नऊ नंबरचं द्रावण

सुई काढल्यावर त्वचेखाली जो फुगवटा उरतो, तो मी पट्टीने मोजते. एक मिलिलिटरला साधारण पंधरा मिलिमीटर. दहा-बारा मिनिटांत तो मावळतो आणि दंडावर सुईचा ठिपका तेवढा राहतो. त्या मंगळवारी सकाळीही फुगवटा पंधराच भरला, पण झोंबणं नेहमीचं नव्हतं. आतून कोणी चिमटा घेऊन तो पिळत असावं, तसं झोंबत होतं. वहीत शून्य ते दहाच्या रकान्यात मी सात लिहिले. याच नऊ नंबरच्या द्रावणाला वर्षभरात आमच्यापैकी कोणी तीनच्या वर आकडा दिला नव्हता.

आमचं काम म्हणजे वेदनेवरचं एक औषध त्वचेखाली टोचता येईल असं बसवणं. ज्यांच्या पोटात गोळी टिकत नाही, त्यांना ते घरच्या घरी घेता यायला हवं. हे औषध आम्ल पाण्यात छान विरघळतं आणि नितळ राहतं, पण आम्ल त्वचेखाली झोंबतं. आम्लपणा उतरवला की झोंबणं थांबतं, मात्र काही महिन्यांनी औषधाचे बारीक स्फटिक तळाशी दिसू लागतात. या ओढाताणीतून नऊ नंबर निघाला होता. चौदा नंबर त्याहून सौम्य होता, पण तो टिकतो की नाही हे कळायला आणखी पाच महिने हवे होते. औषध वगळून बाकीचं द्रावण आधी आपल्याच दंडावर घ्यायचं, हा आमच्या प्रयोगशाळेचा रिवाज. रीतसर परवानगी काढलेला.

नऊ नंबर रुग्णांना द्यायला हरकत नाही, या कागदावर फक्त माझी सही राहिली होती. तीन आठवडे मी ती पुढे ढकलत होते. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. एकदा शेवटचं घेऊन बघू म्हणून सकाळी लवकर आले आणि आम्हाला नेहमी टोचणाऱ्या सिस्टर यायच्या आधी स्वतःच टोचून घेतलं.

सिस्टर आल्या त्या माझा दंड बघूनच थबकल्या.

"स्वतःच टोचलंत? माझी नोकरी घालवता की काय?"

"सात आले, सिस्टर."

"शक्यच नाही. कसं केलंत, दाखवा बघू."

मी दाखवलं. फ्रिज उघडला, भरलेली सिरिंज काढली, दंडाला लावल्यासारखी केली. त्या हसायलाच लागल्या.

"अहो, अशी गारढोण? मी आधी मुठीत धरते ना पाच-दहा मिनिटं. तुम्हाला काय वाटलं, एवढ्या गप्पा मला सुचतात म्हणून मारते?"

कार्यपद्धतीची पानं मी दोनदा उलटली. मुठीचा उल्लेख कुठेच नव्हता.

"हे लिहिलं का नाही?"

"बाळाचं दूध कोमट करून द्यावं, हे कोणी लिहून ठेवतं का?"

म्हणजे वर्षभर आम्ही द्रावणाबरोबर सिस्टरांची मूठही मोजत होतो. मला बसवेना. फ्रिज उगाच उघडला, बंद केला. लिफ्ट समोर असताना जिन्याने दोन मजले चढून आमच्या विभागप्रमुख सरांच्या खोलीत गेले.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग त्यात काय? रुग्णांच्या माहितीपत्रकात एक ओळ घाला. टोचण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर ठेवावे. आज चारपर्यंत कागद जायला हवेत."

"एकदा बघते."

"बघते, बघते करत तीन आठवडे गेले, बाई. सही करताय की मुहूर्त काढताय?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बहीण रुग्णांच्या यादीत आहे म्हणून अडलंय का?"

ताईचं नाव तिच्या डॉक्टरांनी घातलं होतं, माझा त्यात हात नव्हता. तसं मी लेखी कळवलंही होतं. "नाही," मी म्हणाले. ते खरं होतं का, कोण जाणे.

जेवणाची सुट्टी टळून गेल्यावर, तीनच्या सुमारास, मी डबा न उघडताच ताईकडे गेले. घर चालत दहा मिनिटांवर. मणक्याचं दुखणं तिला चार वर्षं छळत होतं आणि गोळी घेतली की अर्ध्या तासात उलटून पडायची.

"आल्या शास्त्रज्ञबाई!" ती उशीला टेकूनच म्हणाली. "तोंड असं का? परीक्षेत नापास झालीस?"

"ताई, इंजेक्शन फ्रिजमधून काढून अर्धा तास ठेवायचं, निदान दहा मिनिटं मुठीत धरायचं, मग घ्यायचं. जमेल?"

"कळ आल्यावर दहा मिनिटं? तेवढ्यात मी ह्यांना फाडून खाईन."

"मी तसंच गार टोचेन," दारातून भाऊजी म्हणाले. "ही ओरडत असताना घड्याळ बघत बसू का?"

"आधीच काढून ठेवायचं."

"कळ काय निरोप पाठवून येते?" ताई म्हणाली. "आणि सारखंच बाहेर ठेवलं तर?"

"उष्णतेने बिघडतं."

मी तिची बाही वर केली आणि दंडाची चिमूट धरली. माझ्या दंडाला बोटभर जाड घडी पडते. तिची कागदाइतकी पडली. आम्ही सगळे धडधाकट, खाऊनपिऊन सुखी दंडांवर आकडे घेत बसलो होतो, तेही महिन्यातून एकदा. हिला दिवसातून चार वेळा घ्यायचं होतं.

"काय मोजतेस?" तिने हात काढून घेतला. "हे बघ, झोंबलं तर झोंबू दे. याहून वाईट काय असणार आहे? मला चालेल."

"पहिल्या दिवशी चालेल. आठवड्याने सिरिंज बघितली की हात मागे घेशील. मग घेणंच सोडशील."

"तुला कसं माहीत?"

"सकाळी मी एकदाच घेतलं. दुसरं घ्यायला माझा हात पुढे झाला नाही."

मी खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. "बस की एका जागी," भाऊजी म्हणाले. मी बसले नाही.

"दुसरं काही नाही का तुमच्याकडे?" ताईने विचारलं.

"आहे. पाच महिन्यांनी. तेही टिकलं तर."

"पाच महिने." तिने भाऊजींकडे बघितलं. त्यांनी पलंगाखालचं उलटीचं भांडं पायाने उगाच जरा आत सरकवलं.

पर्समधला फोन वाजायला लागला. सर होते.

"बाई, कुठे आहात? साडेतीन वाजलेत. ती ओळ मी घातली आहे पत्रकात. येऊन सही तेवढी करा."

ताई माझ्याकडे बघत होती. तिला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. बाहेर जाऊन बोलता आलं असतं, पण मी तिथेच उभी राहिले.

"सर, नऊ नंबरवर मी सही करणार नाही," मी म्हणाले. "चौदा नंबरसाठी थांबायचं. पाच महिने. सगळ्यांनीच."